पान तीनवरच्या सात ओळी: ओतोमींविषयी आमच्या मंडळीच्या मिशन समितीस खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, मिशन समितीचे सभासद आणि प्रार्थना गटांतील बंधुभगिनींनो,

सलाम.

गेल्या महिन्याचे प्रार्थनापत्रक नेहमीप्रमाणे रविवारी उपासनेनंतर हातात पडले. पान तीनवर मथळा होता, ‘या महिन्याचा लोकसमूह: मेक्सिकोतील ओतोमी’. खाली एका आजींचा फोटो आणि सात ओळी. ओतोमी लोक अंधारात बसलेले आहेत, डोंगर आणि मूर्ती पूजतात, मेलेल्यांपुढे मेणबत्त्या लावतात, सुवार्ता त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, म्हणून त्यांची आत्मिक गरज फार मोठी आहे. शेवटी समितीचा ठराव: येत्या हंगामाच्या उपकारस्तुतीची, म्हणजे सुगीच्या आभाराच्या सणाची, वर्गणी या कामासाठी राखून ठेवावी आणि पुढच्या वर्षी तरुण संघातल्या बारा जणांनी दहा दिवसांसाठी तिकडे जावे.

त्या सात ओळी मी घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचल्या. समितीतल्या दोघांशी बोलले. “पुढच्या बैठकीत बघू,” म्हणाले. बैठक झाली, ठराव तसाच राहिला. पत्रक तोवर आसपासच्या मंडळ्यांतही फिरले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची छायाचित्रे येत होती. जे चारचौघांत वाटले गेले त्याचे उत्तरही चारचौघांत द्यावे, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २०१७ ते २०२० मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात राहिलो. आमच्या घरापासून चौकाकडे जाताना रोज एक बाई भेटायच्या. फरशीवर रुमाल अंथरून त्यावर कापडी बाहुल्या मांडून बसायच्या. त्या आमेआल्को तालुक्यातल्या सान्तियागो मेस्कितित्लानच्या, ओतोमी, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळ आदिवासी लोकांपैकी एक. माझे मोडके स्पॅनिश त्यांनी सुधारले. स्पॅनिश त्यांचीही शिकलेलीच भाषा होती, त्यामुळे चुकणाऱ्या माणसाला कसे समजून घ्यायचे ते त्यांना ठाऊक होते. त्यांच्याबद्दल पुढे लिहीनच.

आता तक्रारी. फोटोपासून सुरू करते, कारण पत्रक उघडताच तोच दिसतो. फोटोतल्या आजी ओतोमी नाहीत. डोक्याभोवती गुंडाळलेली ती विणीची रुंद पट्टी आणि अंगातला तो भरजरी विणलेला झगा ग्वाटेमालातल्या माया बायकांचा आहे. सान्तियागोच्या बायका बारीक चुण्यांचा चकचकीत पोलका घालतात, त्याला लेस आणि रिबिनी असतात, वर रेबोसो नावाची शाल. कोणी एखाद्या धनगर आजीचा फोटो छापून खाली ‘केरळची कोळीण’ लिहिले तर आपण ते चालवून घेतले असते का? ज्यांच्यासाठी महिनाभर गुडघे टेकायचे, त्यांचा चेहरासुद्धा आपण नीट शोधला नाही.

नावाचेही तसेच. ओतोमी हे नाव त्यांना दुसऱ्यांनी दिले. मेस्कीतालच्या खोऱ्यात ते स्वतःला ह्न्याह्न्यू म्हणवतात, केरेतारोकडे ह्न्यान्यो, पुएब्लाच्या डोंगराळ भागात आणखी वेगळे. २०२० च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे जवळजवळ ३ लाख निघाले. मेक्सिकोच्या भाषा संस्थेने २००८ मध्ये तिच्या ९ बोली नोंदवल्या. स्वर चढला-उतरला की अर्थ बदलतो आणि एका भागातल्या माणसाला दुसऱ्या भागातले बोलणे सहज कळेलच असे नाही. आपला तरुण संघ बरोबर कुठल्या भाषेतल्या पुस्तिका नेणार आहे? स्पॅनिशमधल्या, असे मला सांगण्यात आले.

‘सुवार्ता पोचलेली नाही’ हे वाक्य तर सरळ चुकीचे आहे. मेस्कीतालच्या खोऱ्यात, इदाल्गो राज्यात, इश्मिकिल्पान नावाचे गाव आहे. तिथे ऑगस्टिनियन साधूंनी सोळाव्या शतकात सान मिगेलचे मंदिर बांधले. मी आत उभी राहून भिंती पाहिल्या आहेत. गरुडाच्या आणि जग्वारच्या वेषातले स्थानिक योद्धे भिंतभर लढताहेत आणि त्यांच्या पायांत वेली गुंतल्या आहेत. शतकानुशतके ही चित्रे चुन्याखाली झाकलेली होती, १९६० च्या सुमारास पुन्हा उघडी पडली. त्या भिंतीजवळ एक म्हातारी ख्रिस्ताच्या मूर्तीच्या पायाला हात लावून पुटपुटत होती. एकच शब्द माझ्या कानाने ओळखला: झिदादा. त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बाप, आणि ‘झि’ लावला की त्यात आदर आणि लाड दोन्ही येतात. येशूला ती ‘दादा’ म्हणत होती. मला एकदम घरी आल्यासारखे झाले.

आणि ही झाली कॅथलिकांची गोष्ट. आपल्यासारखे प्रॉटेस्टंटही तिथे आहेत. मेस्कीतालच्या बोलीत नवा करार १९७० मध्येच छापून झाला. पेंटेकॉस्टल मंडळ्या तिथे कित्येक दशके चालल्या आहेत, आणि त्यांचे पाळक ह्न्याह्न्यूच आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर शहरात इश्मिकिल्पानकडचे इतके लोक कामाला गेलेत की एकेका कुटुंबाचे निम्मे माणूस तिकडे. समितीने या मंडळ्यांपैकी एकीला तरी पत्र पाठवले का? ‘तुमच्या गावी येऊ का, तुम्हाला कशाची गरज आहे,’ एवढे तरी विचारले का? मी चौकशी केली. विचारलेले नाही. प्रभूमध्ये जे आपले भाऊबहीण आहेत त्यांनाही आपण ‘अंधारात’ धरले.

आता मेलेल्यांच्या मेणबत्त्यांविषयी. यावर थोडे सावकाश लिहिते, कारण पत्रकातला सगळ्यात कठोर शब्द इथेच आहे.

यजमानांच्या एका सहकाऱ्याचे आजोळ तोलिमान तालुक्यात आहे. सप्टेंबरात सान मिगेलच्या सणाला त्याने आम्हाला नेले. तिथे जुन्या घराण्यांची स्वतःची लहानशी देवघरे असतात, अंगणात बांधलेली, दगडमातीची. दार इतके बुटके की मी पदर सावरून वाकूनच आत गेले. आत कोपाल, म्हणजे तिकडचा धूप, जळत होता, धुराने भिंती काळवंडल्या होत्या, त्या काळ्यातून फुलांची जुनी रंगीत नक्षी दिसत होती. पुढच्या कट्ट्यावर लाकडी क्रूस ओळीने उभे, वीतभर, दीड वीत, काहींवर शिडी, खिळे आणि कोंबडा रंगवलेले. मला वाटले शोभेचे आहेत. सहकाऱ्याच्या आजीने एकेकाला बोट लावून सांगितले: हा माझ्या वडिलांचा, हा त्यांच्या वडिलांचा, हा त्यांच्याही आधीचा. एक क्रूस इतका झिजला होता की आडवी पट्टी जेमतेम धरून होती. त्याच्यापुढे आजी थांबली. हा कोणाचा ते आता कोणालाच ठाऊक नाही, म्हणाली, पण काढायचा नाही, तोही आपलाच आहे. मग तिने त्याच्यापुढे झेंडूची दोन फुले ठेवली, बाकीच्यांपुढे एकेक.

या सगळ्याच्या मधोमध ख्रिस्त होता. पूर्वज त्याच्या भोवती उभे होते. ही मूर्तिपूजा आहे की नाही यावर आपल्यात शास्त्राच्या आधाराने मतभेद होऊ शकतात, मी ते नाकारत नाही. मी स्वतः तिथे मेणबत्ती लावली नाही, आणि कोणी मला लाव म्हणालेही नाही. पण ज्या बाईला नाव विसरलेल्या माणसाचीही जबाबदारी वाटते, तिच्याजवळ ‘आत्मिक काही नाही’ असे मी कुठल्या तोंडाने म्हणू?

झेंडूचे मूळ घर मेक्सिकोच. तिथून समुद्र ओलांडून तो आपल्याकडे आला आणि दसऱ्याला दारोदार चढला. आपल्या मंडळीत व्यासपीठावर झेंडूच्या माळा लावाव्यात की नाही यावरून एके वर्षी केवढा वाद झाला होता, ते जुन्या सभासदांना आठवत असेल.

त्याच सणात गावकरी देवळासमोर चिमाल उभारतात. बोरूचा सांगाडा, वीस मीटरांहून उंच, त्याला सोटोल नावाच्या रानझुडपाच्या पांढऱ्या पात्यांची नक्षी, फळे, रोट्या बांधलेल्या. चारही बाजूंनी दोर धरून शंभर माणसे एका हाकेवर ओढतात. कोणी तिकडच्या गल्लीतला, कोणी दोन वर्षांनी अमेरिकेतून आलेला. मे महिन्यात हेच लोक खांद्यावर क्रूस घेऊन बेर्नालच्या सुळक्यावर चढतात आणि पाऊस मागतात. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या वारशात जागा दिली. डोंगर पूजतात, असे आपले पत्रक म्हणते. मी पाहिले ते इतकेच: कोरडवाहू मुलखातली माणसे उंचावर जाऊन देवाकडे पाणी मागत होती. नगर जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागू नये.

पत्रकात पाण्याचा उल्लेख नाही. जमिनीचा नाही. रोजगाराचा नाही. जणू आत्मा एकीकडे आणि पोट दुसरीकडे. मेस्कीतालच्या खोऱ्यातली शेती शंभराहून अधिक वर्षे मेक्सिको शहराच्या सांडपाण्यावर भिजते आहे. मक्याला तेच, लसूणघासाला तेच. तोलुका–नौकाल्पान महामार्गासाठी सोचिकुआउत्ला गावच्या ओतोमींचे जंगल कापायचे ठरले, तेव्हा गावाने वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. त्या जंगलात त्यांचे पाण्याचे झरे आणि प्रार्थनेच्या जागा होत्या. ११ एप्रिल २०१६ रोजी पोलीस बंदोबस्तात यंत्रे आली आणि विरोध करणाऱ्या एका कुटुंबाचे घरच पाडले गेले. १२ ऑक्टोबर २०२० ला मेक्सिको शहरात राहणाऱ्या ओतोमी कुटुंबांनी आदिवासी विभागाच्या सरकारी कार्यालयात ठाण मांडले. त्यात सान्तियागोच्या बायका पुढे होत्या, कडेवर मुले घेऊन. डोक्यावर छप्पर हवे, ही मागणी. तोवर आम्ही भारतात परतलो होतो. बातमीतल्या चेहऱ्यांत मी माझ्या बाहुलीवाल्या बाईंना शोधत होते. ‘ओतोमींसाठी प्रार्थना करा’ असे कोणी त्या आठवड्यात म्हणाले असते, तर काय मागायचे ते मला नेमके कळले असते.

एका बाबतीत ओतोमी गावांचीही चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. गावाचे श्रमदान, ज्याला तिकडे फाएना म्हणतात, आणि संताच्या सणाची वर्गणी यांवर गावकी चालते. इव्हँजेलिकल झालेली कुटुंबे सणाची वर्गणी नाकारतात, मग तंटा होतो. इश्मिकिल्पानजवळच्या सान निकोलासमध्ये २००१ साली अशा कुटुंबांना गाव सोडायला सांगण्यापर्यंत वेळ आली. हा अन्याय होता. विश्वासासाठी कोणाचे पाणी किंवा घर तोडू नये. दुसऱ्या बाजूला एल आल्बेर्तोसारखे गावही त्याच खोऱ्यात आहे. तिथे पूर्वी छळ झाला, पण आज दोन्ही पंथांची माणसे खांद्याला खांदा लावून गावाची कामे करतात. हा सलोखा त्यांचा त्यांनी घडवला, त्यासाठी वर्षे घालवली. दहा दिवसांसाठी आलेली बारा परकी मुले तिथे चौकात उभी राहून सणाविरुद्ध पुस्तिका वाटणार. मुले विमानाने परत येतील. तंटा गावात राहील, आणि त्याची किंमत मोजतील तिथली गरीब विश्वासी कुटुंबे.

माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळानंतर झाला. महारवाड्यातले सात उंबरे एकदम ख्रिस्ती झाले. गावाने हिणवले, ‘सातूच्या पिठासाठी बाटले’. आणि काही गोऱ्या लोकांच्या अहवालांत आपल्या वाडवडिलांविषयी काय लिहिले जाई, तेही आपण वाचले आहे: काळोखात बुडालेले, अडाणी, रिकामे. ते रिकामे नव्हते. माझी आजी जात्यावर बसून येशूच्या ओव्या गायची, पहिली माझी ओवी म्हणत. कोणी मिशनरी बाईने हरकत घेतली होती म्हणे, की ही चाल हिंदूंची. आजीने चाल सोडली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती अभंग लिहिले, हाती टाळ घेतले, तेव्हा कुठे आमच्या घरातल्यांना वाटले की देवळात आपल्याच आवाजात रडता येते. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्ताचे पुराण छापले ते मराठी ओवीत. त्यांच्यानंतरच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी १६८४ मध्ये लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. हे दोन्ही आपल्याच इतिहासात आहे. समितीच्या ठरावात यातले कुठले आहे, ते समितीनेच पाहावे.

बाहुलीवाल्या बाईंनी मला एकदा विचारले होते, तू देवाशी कुठल्या भाषेत बोलतेस? मराठीत, म्हटले. म्हण की, ऐकू दे. मी तिथेच, फरशीवर त्यांच्या शेजारी बसून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटले. सुई थांबवून त्यांनी पूर्ण ऐकले. मग हलक्या आवाजात त्यांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना केली. मला एक शब्द कळला नाही. संपल्यावर म्हणाल्या, चर्चमध्ये सगळे स्पॅनिशमध्ये चालते, पण आजारी पडले की मला स्पॅनिश आठवत नाही. आणि माझ्या मुलीला हे शिकवायचे राहून गेले, शाळेत मुले हसायची तिला.

ही आत्मिक गरज. स्वतःच्या भाषेत देवाशी बोलता यावे आणि ते मुलीला देता यावे. त्या गरजेवर आपल्या सात ओळींत एक अक्षर नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पत्रक मागे घ्यावे आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापावी. फोटो चुकीचा होता, ‘सुवार्ता पोचलेली नाही’ हे चुकीचे होते, असे स्पष्ट लिहावे. ज्या मंडळ्यांना पत्रक गेले त्या सगळ्यांना ती दुरुस्ती पाठवावी. ‘अंधारात बसलेले’ हा शब्द यापुढे कुठल्याही लोकसमूहासाठी वापरू नये, आपल्याकडच्या भिल्ल-कातकऱ्यांसाठीही नाही. तिथेही तो छापून येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि तेव्हा गप्प बसले याची मला आज लाज वाटते.

तरुण संघाचा दौरा रद्द करावा. मुलांना जग दाखवायचे असेल तर ते जरूर करावे, पण कोणी बोलावल्याशिवाय कोणाच्या अंगणात शिकवायला जाऊ नये. आधी ह्न्याह्न्यू मंडळ्यांना पत्र लिहावे. स्पॅनिशमध्ये मी लिहून देते, मोबदला नको. उत्तराला वर्ष लागले तरी थांबावे. ते ‘येऊ नका’ म्हणाले तर जाऊ नये.

उपकारस्तुतीची वर्गणी लोक पहिल्या पिकातून देतात. ती विमानाच्या तिकिटांवर जाऊ नये. तिकडच्या मंडळ्यांनी सांगितले तर त्यांच्या भाषेतल्या कामासाठी पाठवावी, संडेस्कूलची पुस्तके, गाण्यांचे ध्वनिमुद्रण, जे ते म्हणतील ते. त्यांनी काहीच मागितले नाही तर ती रक्कम आपल्याच तालुक्यातल्या पाण्याच्या टाक्यांना द्यावी.

आणि प्रार्थना थांबवू नये. तिची वाक्ये बदलावीत. सान्तियागोच्या विहिरींसाठी, मेस्कीतालच्या घाण पाण्यात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, जंगल राखणाऱ्या सोचिकुआउत्लासाठी, विश्वासामुळे गावाबाहेर पडावे लागलेल्यांसाठी, क्लिअरवॉटरमध्ये भांडी घासून घरी पैसे पाठवणाऱ्यांसाठी मागावे. त्यांच्या नावाने मागावे, आणि नाव त्यांचे स्वतःचे घ्यावे. उच्चार मी शिकवते, दोन रविवारांत जमेल.

हे पत्र पुढच्या मासिक सभेत सर्वांसमोर वाचून दाखवावे आणि ठरावावर पुन्हा मत घ्यावे. मी हजर राहीन. समितीचे म्हणणे वेगळे असेल तर ते लेखी मिळावे, म्हणजे ते मी तिकडच्या बंधुभगिनींना भाषांतर करून पाठवू शकेन. त्यांच्याविषयी आपण काय ठरवतो, ते त्यांनाही कळले पाहिजे.

आपल्या मंडळीची एक सभासद